विचारा ना बाप्पा! एआय, वकिलाची सही आणि अरबी समुद्राची गाज

मागच्या अंकात मी सहज लिहून टाकलं की एआयबद्दल डोक्यात काही असेल तर पाठवा, आणि बाप्पा रे, तेव्हापासून माझा व्हॉट्सअ‍ॅप थांबूनच नाही राहिला. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, सात निवडले. एक आधीच सांगते, मी इंजिनिअर वगैरे नाही. बावीस वर्षं प्रूफं तपासली, दुसऱ्याच्या लिखाणात चुका शोधणं हाच धंदा, त्यामुळे या मशीनकडे पण मी त्याच नजरेनं पाहते.

ताई नमस्कार. नागपुरात महाल भागात माझं डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे, २६ वर्षं झाली. पत्रिका, अर्ज, पोरांचे प्रोजेक्ट सगळं टाइप करून देतो. आता पोरं मोबाइलवरच एआयकडून लिहून आणतात आणि फक्त प्रिंट मागतात. परवा एक जण म्हणे, काका तुमचं काम तर आता एआयच करून राहिला. माझ्या पोराला या लाइनमध्ये आणू की नको?

भाऊ, खोटा दिलासा नाही देत. नुसती टायपिंगची लाइन असेल तर नका आणू. बर्डीवर, धंतोलीत टाइपरायटिंगच्या इन्स्टिट्यूट होत्या, आठवतात ना, सकाळी सहाच्या बॅचला खटखट ऐकू यायची. मशीन गेल्या. पण त्या मशीनवर बसणारे सगळे नाही गेले, काही जण तुमच्यासारखे कॉम्प्युटरवर आले आणि श्रीलिपी हे मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर शिकले.

आता जरा समजून घ्या की हे करतं काय. मी तुम्हाला म्हटलं "संत्रा", तर तुमच्या तोंडात पुढचा शब्द कोणता येतो? बर्फी. "तर्री" म्हटलं की पोहे. हे मशीन ढोबळमानानं तेच करतं, अब्जावधी वाक्यं वाचून पुढे कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त आहे ते काढतं आणि एकापुढे एक शब्द लावत जातं. यामागचं ट्रान्सफॉर्मर नावाचं तंत्र गूगलच्या लोकांनी २०१७ साली मांडलं आणि ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आल्यावर ते आपल्या खिशात पोचलं. म्हणून ते लिहितं फार सफाईदार. पण सफाईदार म्हणजे खरं नाही. आमच्या धंद्यात कंपोझिटरची चूक दिसायची तरी, काना राहिला, वेलांटी उलटी पडली. याची चूक शुद्ध भाषेत, पूर्णविरामासकट येते, आणि तीच पकडायला कठीण.

तुमच्या दुकानाचं भवितव्य मला इथे दिसतं. फ्लेक्सवाल्यांनी सध्या काय चालवलंय पाहा, एआयनं नेत्याच्या मागे सिंह काढून देतात, सिंह एकदम झकास आणि खाली "हार्दिक शुभेच्छा" मधलं जोडाक्षर कुठल्या लिपीत आहे ते देवालाच ठाऊक. नवीन टूल्स सुधारली आहेत हे कबूल, पण वडिलांच्या नावातला ऱ्हस्व दीर्घ आधारवर एक आणि टीसीवर एक आहे म्हणून जातीच्या दाखल्याचा अर्ज परत येईल हे तुम्हाला माहीत आहे, त्याला नाही. तर टायपिंगचे पानामागे पैसे घेणं बंद करा, तपासून देण्याचे घ्या. बोर्डच लावा, "एआयचं लिखाण तपासून मिळेल". हसू नका, खरंच गिऱ्हाईक येईल.

अमेरिकेत ब्रिन्योल्फसन नावाच्या अर्थतज्ज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पाच हजारांवर कस्टमर केअरवाल्यांचं काम मोजलं होतं, एआय हाताशी दिल्यावर सरासरी १४ टक्के काम जास्त झालं, पण नवख्यांचं ३४ टक्क्यांनी वाढलं आणि जुन्या जाणत्यांना फारसा फरकच पडला नाही. म्हणजे तुमच्या पोराला यातून पटकन उभं राहता येईल हे खरं, पण उलट बाजू अशी की मालकाच्या डोक्यात येतं, मग नवखे दोनच पुरे की, चार कशाला. मला भीती आहे ती याच पहिल्या पायरीची. तुम्ही ज्या पायरीवरून चढले, पत्रिका टाइप करत करत भाषा शिकले, ती पायरीच काढून घेतली तर पुढचा तपासनीस तयार कुठून होणार, याचं उत्तर मला अजून कोणी धड दिलेलं नाही.

आणि एक, गिऱ्हाइकाचं आधार, पॅन, मार्कशीट काहीही या चॅटबॉटमध्ये टाकत जाऊ नका. ते कागद तुमचे नाहीत. २०२३ मध्ये वैयक्तिक डेटाचा कायदा पण झाला आहे आपल्याकडे.

मॅडम, मी हायकोर्टात ज्युनिअर आहे. सर म्हणतात एआयवर ड्राफ्ट काढ, वेळ वाचतो. मी काढते. मागच्या महिन्यात त्यानं दिलेल्या चार सायटेशनपैकी, म्हणजे जुन्या निवाड्यांच्या दाखल्यांपैकी, एक सापडलीच नाही. सरांना सांगितलं तर म्हणाले नीट शोध, असेल. काय करू?

नसेल. असेल म्हणणाऱ्या सरांना न्यूयॉर्कची गोष्ट सांगा. तिथे एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी दिलेले सहा निवाडे अस्तित्वातच नव्हते, चॅटजीपीटीनं रचले होते, नावं, नंबर, उतारे सगळं. त्या वकिलाची प्रॅक्टिस तीस वर्षांची, म्हणजे कोणी पोरसवदा नव्हता. त्यानं मशीनलाच विचारलं होतं की बाबा रे, ही केस खरी आहे ना, आणि मशीन म्हणालं हो. चोरालाच पंच केल्यासारखं झालं ते. जून २०२३ मध्ये कोर्टानं ५००० डॉलरचा दंड केला, आणि दंडापेक्षा जगभर जे हसं झालं ते वेगळंच.

हे असं का होतं तर वरच्या बर्फीमुळेच. "विरुद्ध महाराष्ट्र राज्य" याच्या पुढे साल येतं, मग निवाडे छापणाऱ्या रिपोर्टरचं नाव, मग पान नंबर, एवढा साचा त्याला पाठ आहे. साच्यात काहीतरी भरणं हे त्याचं काम, ते खरं असणं हा योगायोग. काही टूल्स आता इंटरनेटवर शोधून लिंक देतात, त्यानं प्रकार कमी होतो, संपत नाही, कारण लिंक खरी आणि तिच्यात जे लिहिलंय म्हणून सांगितलं ते भलतंच, असंही होतं.

आणि तुम्ही नागपुरात बसून हे विचारून राहिल्या याची मला गंमत वाटते. ऑल इंडिया रिपोर्टर, म्हणजे एआयआर, आपल्याच गावचं, काँग्रेस नगरातलं, १९१४ पासूनचे निवाडे त्यात आहेत. एआयनं सांगितलं की एआयआर उघडायचं, फरक एकाच अक्षराचा आहे. निवाडा पूर्ण वाचायचा, नुसती हेडनोट, म्हणजे वरचा सारांश नाही. नाही सापडला तर ड्राफ्टमधून काढायचा, आणि सरांना तोंडी नाही, मेसेजवर कळवायचं की अमुक सायटेशन मिळाली नाही म्हणून वगळली आहे. हे तुमच्याच भल्यासाठी सांगते. उद्या न्यायमूर्तींनी विचारलं तर वकीलपत्रावर सही कोणाची आहे हे पाहतात, ड्राफ्ट कोणी काढला ते नाही, आणि ऑफिसात परतल्यावर खापर कोणाच्या डोक्यावर फुटतं ते ज्युनिअर लोकांना मी काय सांगावं.

मग वापरूच नये का? वापरा की. केसच्या कागदांच्या दोनशे पानी गठ्ठ्यातून, म्हणजे पेपरबुकातून, तारखांची यादी काढणं, इंग्रजी ड्राफ्ट सोपा करणं, समोरचा वकील काय काय आक्षेप घेईल ते विचारून पाहणं, यात ते खरंच कामाचं आहे, मी स्वतः करून पाहिलंय. सुप्रीम कोर्टात २०१९ पासून सुवास नावाचं सॉफ्टवेअर निकालांचं भाषांतर करतं, पण ते माणूस तपासतो. केरळ हायकोर्टानं जुलै २०२५ मध्ये तिथल्या जिल्हा न्यायालयांसाठी नियमच काढले की निकालाचा निष्कर्ष काढायला एआय चालणार नाही.

पेपरबुक टाकताना अशिलाची नावं मात्र काढून टाका. सॅमसंगच्या कर्मचाऱ्यांनी २०२३ मध्ये कंपनीचा कोड चॅटजीपीटीत पेस्ट केला होता, मग कंपनीनं बंदीच घातली. आपल्या केंद्रीय अर्थ मंत्रालयानं पण जानेवारी २०२५ मध्ये ऑफिसच्या कॉम्प्युटरवर असली टूल्स वापरू नका म्हणून कळवलं. घटस्फोटाच्या केसमधली माहिती तर त्याहून नाजूक असते ना.

माझी मुलगी नववीत आहे. गणिताचा होमवर्क एआयला विचारून करते, वहीत सगळं बरोबर, टीचर खूश, पण युनिट टेस्टमध्ये मार्क कमी. मोबाइल काढून घेऊ का?

तुमच्या घरचं गणित तुर्कस्तानात मोठ्या प्रमाणावर करून झालंय. तिथल्या हायस्कूलच्या जवळपास हजार मुलांवर अमेरिकेतल्या व्हार्टनच्या संशोधकांनी प्रयोग केला, २०२४ मध्ये निकाल बाहेर आला. साधा चॅटबॉट दिलेल्या मुलांचे सरावातले मार्क ४८ टक्क्यांनी वाढले, आणि मग चॅटबॉट काढून घेऊन पेपर दिला तर ज्यांना तो कधी मिळालाच नव्हता त्यांच्यापेक्षा ती मुलं १७ टक्के मागे पडली. वही बरोबर, डोकं रिकामं. पण त्याच प्रयोगात तिसरा गट होता, त्यांच्या चॅटबॉटला शिक्षकांनी शिकवून ठेवलं होतं की उत्तर द्यायचं नाही, फक्त इशारा द्यायचा. त्यांचा सराव तर कितीतरी सुधारला आणि पेपरातही नुकसान झालं नाही.

तर मोबाइल काढून घेऊन काही नाही होणार, मैत्रिणीचा घेईल. तिच्यासोबत बसून एकदा हे मराठीतच लिहून द्या: "मला उत्तर सांगू नको, मी कुठे चुकले ते विचारून विचारून माझ्याकडून काढून घे." आणि गणित आधी स्वतः वहीत, अडलं की मगच विचारायचं. कंटाळा येईल तिला. आपल्याला पण यायचा, फरक एवढाच की आपल्याकडे पळवाट म्हणजे फार तर गाइड होतं आणि ते पण भावंडांत एकच.

टीचरबाईंना पण एक सांगा, गोडीत सांगा, की वही पाहून खूश व्हायचे दिवस गेले. दोन मिनिटं फळ्यापुढे उभं करा, कळतं.

ताई, रामराम. काटोलकडं माही संत्र्याची बाग हाये, आंबिया बहाराची फळगळ लागली. पोरानं एआयला पानाचा फोटो देऊन इचारलं, त्यानं झटदिशी औषधाचं नाव अन् पंपाला किती टाकाचं ते सांगतलं. दुकानदार म्हणते दुसरंच टाका. मी कोणाचं आयकू?

भाऊ, दोघांचंही नका ऐकू, आधी बाटलीवरचं लेबल वाचा. गंमत नाही करत. लेबलवर ज्या पिकाचं नाव आणि जे प्रमाण छापलंय तेच मंजूर झालेलं असतं, बाकी सगळ्या गप्पा.

दुसरं, फळगळ एका कारणानं होत नाही हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पाण्याचा ताण किंवा अन्नद्रव्य कमी, बुरशी, नाहीतर रस शोषणारे पतंग, आणि तिन्हीचा इलाज वेगळा. एका पानाच्या फोटोवरून त्यानं एक कारण धरलं आणि ठासून सांगितलं. तुमच्या जमिनीत पाणी साचतं का, मागचं फवारलं कधी, गळालेल्या फळाला भोक आहे की देठाशी काळं पडलंय, हे त्यानं विचारलं का पोराला? नसेल विचारलं तर ते उत्तर नाही, अंदाज आहे. आणि फवारणीत अंदाज कसा महागात पडतो हे विदर्भाला वेगळं सांगायला नको, २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसवर शेतकरी आणि मजूर गेले.

पण पोराला रागावू नका. त्यानं विचारलं हे चांगलंच केलं, फक्त विचारायची जागा चुकली. राज्य सरकारचं महाविस्तार नावाचं एआयवालं अ‍ॅप २०२५ मध्ये आलंय, मराठीत चालतं, ते घ्या. किसान कॉल सेंटर १८००-१८०-१५५१, तिथे माणूस बोलतो. आणि लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संस्था अमरावती रोडवरच आहे, काटोलहून काही फार नाही, चार गळालेली फळं आणि मुळाजवळची माती पिशवीत घालून घेऊन जा. आपल्या केंद्रीय कापूस संस्थेनं तर गुलाबी बोंडअळीसाठी कॅमेरावाला कामगंध सापळा, म्हणजे वासानं पतंग ओढणारा सापळा, बनवलाय, सापळ्यात किती पतंग आले ते मोबाइलवर येतं. मला असलं एआय जास्त पटतं, कारण ते गोष्टी रचत नाही, मोजतं.

मुलगा हिंजवडीला असतो. परवा अनोळखी नंबरवरून त्याच्याच आवाजात फोन आला, आई अपघात झाला, पैसे पाठव. मी पाठवणारच होते पण यांनी अडवलं. अगदी त्याचाच आवाज हो! मला अजून धडधडते.

काकू, काकांना माझ्याकडून एक प्लेट तर्री पोहे. तुमची चूक काहीच नाही, मायक्रोसॉफ्टनं जानेवारी २०२३ मध्येच असं मॉडेल दाखवलं होतं ज्याला कोणाच्याही आवाजाची नक्कल करायला ३ सेकंदांचा नमुना पुरतो. मुलाची एखादी रील कोणी घेतली की झालं. पुढच्या वर्षी हाँगकाँगमध्ये एका मोठ्या इंजिनिअरिंग कंपनीच्या माणसानं व्हिडिओ कॉलवर साहेब दिसले, सहकारी दिसले म्हणून सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवून दिले, आणि त्या कॉलवर त्याच्याशिवाय एकही खरा माणूस नव्हता. तिथे तुम्ही आम्ही कोण.

आज रात्रीच मुलाशी बोलून घरातला एक शब्द ठरवा, जो फेसबुकवर कुठे नाही. लहानपणी त्याला ज्या नावानं चिडवायचे ते चालेल. फोन आला की तो विचारायचा. नाहीतर फोन ठेवून त्याच्या नेहमीच्या नंबरवर स्वतः लावायचा. "फोन ठेवू नको, बाबांना सांगू नको" असं समोरचा म्हणाला की समजायचं. आणि देव न करो, पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन, जितकं लवकर तितकी रक्कम अडकवता येण्याची आशा जास्त.

काकांचा दुसरा प्रश्न होता की पोलीस काय करतात मग. तर तंत्र त्यांच्याकडे पण आहे, पोलिसांसाठी एआय बनवणारी मार्वल नावाची सरकारी कंपनी २०२४ पासून इथेच आहे नागपुरात. ऑगस्ट २०२५ मध्ये देवलापारकडे जबलपूर रोडवर ट्रकच्या धडकेत बाई गेली आणि नवऱ्यानं मृतदेह मोटरसायकलला बांधून नेला, ती बातमी विसरली नसाल. ट्रकचा नंबर नव्हता, फक्त लाल खूण सांगता येत होती. टोलनाक्यांचं फुटेज एआयनं चाळून ३६ तासांत ट्रक शोधला. त्या वेळी रस्त्यावर मदतीला कोणी थांबलं असतं तर, असं मला तेव्हाही वाटलं होतं, पण तो वेगळा विषय.

एआयला फार वीज लागते म्हणतात, खरं का? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी)

खरं. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा आकडा आहे, २०२४ मध्ये जगातल्या डेटा सेंटरांनी सुमारे ४१५ टेरावॅट तास वीज खाल्ली, एकूण विजेच्या दीड टक्क्याच्या आसपास, आणि २०३० पर्यंत ती दुपटीच्या वर जाईल असा त्यांचा अंदाज. त्यात सगळं एआय नाही, तुझ्या रील्स पण आहेत. कोराडी, खापरखेड्याच्या वीज केंद्रांची राख ज्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते त्यांना वीज कुठून येते हे सांगावं लागत नाही. तू शिकतोच आहेस तर तेच काम कमी विजेत करणारं छोटं मॉडेल बनव की.

आमच्या लग्नाला २५ वर्षं झाली. ह्यांनी कार्यक्रमात माझ्यावर कविता वाचली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यात होतं "अरबी समुद्राची गाज तुझ्या पैंजणात". आम्ही दोघं जन्मात नागपूर सोडून राहिलो नाही. मला शंका आहे. विचारू का त्यांना?

हसून हसून डोळ्यात पाणी आलं. ताई, शंका रास्त आहे. इंटरनेटवरची मराठी इंग्रजीच्या तुलनेत फार थोडी, विकिपीडियावरच पाहा, इंग्रजीत सत्तर लाखांवर लेख आणि मराठीत जेमतेम एक लाखाच्या आसपास, बोलणारे मात्र २०११ च्या जनगणनेत आठ कोटींवर. आपलं कितीतरी छापलेलं त्या पहिल्या प्रश्नातल्या भाऊंच्या श्रीलिपीच्या फाइलीतच अडकलंय, युनिकोड, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरना कळणारी अक्षरं, नाहीत म्हणून मशीनला वाचताच येत नाही. त्यातून वऱ्हाडी, झाडीबोली, आपलं "करून राहिली" तर त्याच्या कानावर फारच कमी. मग मराठी कविता म्हटली की ते काढतं समुद्र, गाज, शिंपले, प्राजक्त. आपल्या फुटाळा तलावाला गाज नसते, असलेच तर भुट्टेवाले असतात, आणि अंबाझरी तलावाचा ओव्हरफ्लो कोणाच्या पैंजणात घालणार.

तरी विचारा मात्र नका. फक्त एखाद्या संध्याकाळी त्यांना फुटाळ्यावर घेऊन जा, काठावर बसा, आणि म्हणा, ऐका हो, गाज येऊन राहिली का?